३५ वर्षांचा टोस्टर थकला, आता नवा कसा घ्यायचा?

या महिन्यात आलेल्या पत्रांत टोस्टरचीच पत्रं जास्त आहेत, पावसाळ्यात ब्रेडला बुरशी लवकर धरते आणि घरोघरी टोस्टर बाहेर निघतो म्हणून असेल कदाचित. त्यातलं गिरगावातून आलेलं एक पत्र मी तीनदा वाचलं, म्हणून त्याला जागा जास्त दिलीय, बाकीच्यांची उत्तरं थोडक्यात आहेत.

प्रश्न: काका, नमस्कार. १९८९ साली माझं लग्न झालं, त्याच वर्षी दिवाळीच्या बोनसमधून सासऱ्यांनी लोहार चाळीतून टोस्टर आणला. स्टीलची बॉडी, बाजूला काळी लिव्हर, दोन पिनांचा प्लग. सासरे होते तोपर्यंत दर रविवारी पेपर पसरून त्याची तळाची पत्र्याची झडप उघडायचे आणि ब्रशने चुरा काढायचे, त्यांच्यामागे ते काम मी करते. ३५ वर्षं त्याने एकदाही त्रास दिला नाही. माझा नातू तर प्लग काढलेला असतानाच लिव्हर खाली-वर करत बसायचा, टक्कन बसायची आणि परत वर यायची, तेच त्याचं खेळणं. आता गेले चार महिने लिव्हर खाली बसतच नाही, मग मी लाटणं टेकवून ठेवते आणि घड्याळ बघून काढते. शिवाय उजवीकडच्या खाचेत ब्रेडची एक बाजू पांढरीच राहते. मधे मुलाने ऑनलाइन नवा आणून दिला होता, तो १४ महिन्यांत बंद पडला, सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला बोर्ड गेलाय, बोर्ड मिळत नाही, दुसरा घ्या. म्हणून मी परत जुन्याकडे वळले. मुलगा म्हणतो आई भंगारात दे, मला द्यावासा वाटत नाही. जुना दुरुस्त होईल का? आणि नवा घ्यायचाच तर असा कुठला घेऊ की जो टिकेल?
एक वाचक, गिरगाव

उत्तर: ताई, आधी ते लाटणं बाजूला करा. आजपासूनच. बाकीचं सगळं नंतर.

टोस्टरमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो आपला आपण बंद होतो. लिव्हर खाली गेली की आतले कॉन्टॅक्ट जुळतात आणि कॉइल तापायला लागते, ठरलेला वेळ झाला की खटका सुटतो, लिव्हर वर येते, कॉन्टॅक्ट तुटतात. तुम्ही लाटणं टेकवता तेव्हा हे तोडायचं काम तुमच्यावर येतं. तेवढ्यात दाराची बेल वाजली, फोन आला, खालून पाणी आल्याची हाक आली, तर आत ब्रेड जळत राहणार आणि कॉइल तापतच राहणार. माझं परळला बावीस वर्षं इस्त्री-मिक्सर-टोस्टर दुरुस्तीचं दुकान होतं, काळवंडलेले टोस्टर जेवढे आले त्यातल्या बऱ्याच जणांची लिव्हर कशाने तरी बांधलेली होती, कुणी रबरबँडने, कुणी परकराच्या नाडीने.

आता तुमच्या टोस्टरला झालंय काय ते बघू, आणि ते तुमच्या नातवानेच सांगितलंय. हल्लीच्या बहुतेक टोस्टरमध्ये लिव्हर खाली धरून ठेवायला छोटा विजेचा चुंबक असतो, म्हणून प्लग लावलेला नसेल तर लिव्हर खाली बसतच नाही, लोकांना वाटतं नवा टोस्टर खराब आलाय, पण तसं नसतं. तुमचा मात्र प्लग काढूनही टक्कन बसायचा, म्हणजे त्यात चुंबक नाही, साधा लोखंडी खटका आणि स्प्रिंग आहे, आणि वेळ बहुतेक दुहेरी धातूची पट्टी मोजते. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात, तापल्यावर एक जास्त वाढते, एक कमी, त्यामुळे पट्टी वाकते आणि वाकता वाकता खटका सोडवते. यात बोर्ड नाही, चिप नाही, जळण्यासारखं फार काही नाहीच. असा खटका बसेनासा झाला की कारण बहुतेक वेळा घाण किंवा झिज. एकदा हिंदू कॉलनीतल्या एक आजी असाच टोस्टर घेऊन आल्या होत्या, दोन दुकानांतून "होणार नाही" ऐकून. मी बाजूचं कव्हर काढलं तर खटक्याच्या दातात एक जळून कोळसा झालेला बेदाणा घट्ट बसलेला, फ्रूट ब्रेडमधला. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने काढला, दात पुसला, लिव्हर बसली. दहा मिनिटांचं काम. आजींनी ती लिव्हर सात-आठ वेळा खाली-वर करून बघितली तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला.

तेव्हा खटक्याचं दुखणं बरं होण्यासारखं आहे. माझा जीव अडकतो तो दुसऱ्या दुखण्यात, ती जी एक बाजू पांढरी राहते ना, तिथे.

टोस्टरच्या आत बघितलंत तर अभ्रकाच्या पातळ पत्र्यांवर चपटी तार गुंडाळलेली दिसते. ती नायक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियमची. अमेरिकेत १९०६ साली तिचं पेटंट झालं आणि त्यानंतरच विजेचे टोस्टर खऱ्या अर्थाने घरात आले, कारण त्याआधीच्या तारा तापून तापून हवेतच जळून जायच्या. नायक्रोम तापली की तिच्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तोच तिला सांभाळतो. पण वर्षानुवर्षं तापणं-गार होणं चालू राहिलं की तार ठिसूळ होते आणि कुठेतरी तुटते. काही टोस्टरमध्ये सगळ्या तारा एकीला एक जोडलेल्या असतात, एक तुटली की अख्खा टोस्टर गार. तुमच्यात वेगळी जोडणी असणार, म्हणून एकच बाजू गेली. ही तार झाळून जोडता येत नाही, ती लालबुंद होते तेव्हा झाळकामाचं शिसं केव्हाच वितळून गेलेलं असतं. काही मेकॅनिक तुटलेली टोकं पिळून देतात, पण पीळ दिलेल्या जागी जास्त गरम होतं आणि महिन्या-दोन महिन्यांत तिथेच परत तुटतं. खरी दुरुस्ती म्हणजे तारेसकट अभ्रकाचा पत्राच बदलणं. तुमच्या मॉडेलचा आता मिळणं कठीण, लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडला एखादा जुना माणूस मापाचा दुसरा बसवून देईलही, पण त्यात नेमकं माप आणि तेवढेच वॅट जुळायला हवेत.

आणि तिसरी गोष्ट, जी तुम्ही सहज लिहून गेलात, ती मला सगळ्यात जास्त खटकते. स्टीलची बॉडी आणि दोन पिनांचा प्लग. लोखंड-स्टीलची बॉडी असली की अर्थिंग हवंच, म्हणजे तीन पिना. दोन पिनांचा प्लग उलटसुलट कसाही बसतो, आणि उलटा बसला तर काही टोस्टरमध्ये लिव्हर वर असतानाही कॉइलमध्ये करंट उभा असतो, मग अडकलेला ब्रेड काढायला कुणी सुरी घातली तर संपलंच. पावसाळ्यात ओल्या हाताने बॉडीला हात लागल्यावर कधी झिणझिण्या आल्यात का? आल्या असतील तर तो आजच्या आज बंद करा.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो. नुसता खटका गेला असता तर मी म्हटलं असतं दुरुस्त करून आणि तीन पिनांची वायर लावून अजून दहा वर्षं वापरा. पण खटका, कॉइल आणि अर्थिंग अशी तिन्ही कामं निघाली असताना त्याच्यावर रोजचा भार टाकू नका. भंगारातही देऊ नका, द्यावासा वाटत नाहीये ना तुम्हाला, मग नका देऊ. त्याची वायर बॉडीपाशी कापून टाका म्हणजे चुकून कुणी लावणार नाही, आणि ठेवा फळीवर, नातवाला लिव्हर खेळायला मिळेल. पुढे कधी काढायचाच झाला तर ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर द्या, १ एप्रिल २०२३पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झालेत आणि त्यात विकलेला माल परत गोळा होऊन नीट मोडला जाण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकलेली आहे.

आता नवा. लोक म्हणतात पूर्वीच्या वस्तू टिकायच्या, हल्लीच्या टिकत नाहीत, त्यात तथ्य आहे पण पूर्ण नाही. माझ्या दुकानात त्या काळचेच, चार-पाच वर्षांत गेलेले टोस्टर ढिगाने यायचे, ते आज कुणाच्या लक्षात नाहीत, राहिले तेवढेच दिसतात. तुमचा टिकला त्याचं मोठं श्रेय तुमच्या सासऱ्यांच्या रविवारच्या पेपरला आहे. चुरा साचला की तो जळतो, खटक्यात जातो, आणि आपल्या मुंबईत मुख्य म्हणजे झुरळं येतात. नव्या टोस्टरच्या बोर्डावर झुरळ फिरलं, त्यात दमट खारी हवा, की बोर्ड जायला वेळ लागत नाही. तुमच्या मुलाने आणलेल्याचा बोर्ड असाच गेला असेल असं मी म्हणत नाही, पण पुढच्या वेळी हे लक्षात असू द्या. चुऱ्याचा ट्रे आठवड्याला काढून झटकायचा, टोस्टर पूर्ण गार झाल्यावरच वर झाकण किंवा कापड, आणि वापर झाला की प्लग काढलेला.

दुकानात जाताना तुम्ही रोज जो ब्रेड आणता त्याची एक स्लाइस डबीत घालून घेऊन जा. हसू नका, खरंच न्या. मोठ्या सँडविच ब्रेडची स्लाइस बऱ्याच टोस्टरांच्या खाचेतून बोटभर वर राहते आणि तेवढी पट्टी पांढरी राहते, मग माणूस उलटी करून परत घालतो आणि मधला भाग करपतो. स्लाइस घालून बघा, पूर्ण आत जाते का, आणि वर येते तेव्हा हाताला सहज लागते का. लिव्हर मधल्या मधे अडकत नाही ना, एका बाजूला कलत नाही ना ते बघा. दुकानदाराला सांगून प्लग लावून एकदा चालवा आणि वरून लांबूनच आत बघा, सगळ्या तारा सारख्या लाल झाल्या पाहिजेत. चुऱ्याचा ट्रे खालून सरकवून निघणारा हवा. मधेच बंद करायचं बटण हवं. प्लग तीन पिनांचा असला तर उत्तम, दोन पिनांचा असेल तर बॉडीवर चौकोनात चौकोन अशी खूण शोधा, ती दुहेरी इन्सुलेशनची. प्लास्टिकच्या बॉडीला नाक मुरडू नका, बाहेरून हात भाजत नाही ही तिची जमेची बाजू आहे, नातू घरात आहे. आयएसआय मार्क असेल तर त्याखालचा नंबर बीआयएस केअर नावाच्या ॲपवर टाकला की लायसन्स खरं आहे का ते तिथेच कळतं.

दोघा-तिघांच्या घराला दोन स्लाइसचा ७००-८०० वॅटचा पुष्कळ झाला. त्याला साडेतीन अँपिअरच्या आसपास करंट लागतो, म्हणजे साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो, चार स्लाइसचा आणलात तर जुन्या चाळीच्या वायरिंगवर उगाच ताण. मात्र इलेक्ट्रिशियनला बोलावून किचनच्या सॉकेटचं अर्थिंग एकदा तपासून घ्याच, जुन्या इमारतींत तिसरं भोक असतं पण मागे वायरच नसते हे मी कितीदा तरी बघितलंय. डिजिटल आकडे, रंगीत लाइट, आठ प्रकारचे प्रोग्रॅम यांच्यासाठी पैसे देऊ नका, जेवढं जास्त बोर्डावर तेवढं जास्त बिघडायला.

आणि पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा: याचं सर्व्हिस सेंटर गिरगाव-दादर पट्ट्यात कुठे आहे आणि बोर्ड व कॉइल तिथे मिळते का. दुकानदार गप्प बसला तर दुसरा टोस्टर बघा. वॉरंटीचं कार्ड शिक्का मारून, बिलाला स्टेपल करून ठेवा. वॉरंटीत असताना कुणी "पार्ट नाही, नवा घ्या" म्हणालं तर मुकाट्याने परत येऊ नका, १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे तक्रार नोंदवा. डिसेंबर २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने राइट टू रिपेअर नावाचं पोर्टलही सुरू केलंय, त्यावर कंपन्यांची दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती एका जागी बघता येते. इंग्लंडमध्ये ड्युअलिट नावाची कंपनी अजून असे टोस्टर बनवते की ज्याची कॉइल, टायमर सगळं सुटं बदलून मिळतं, टायमर घड्याळासारखा फिरवायचा आणि ब्रेड आपल्या हाताने वर घ्यायचा. महाग असतात, घ्या असं सांगत नाही, पण अशी वस्तू आजही बनू शकते एवढं नक्की.

प्रश्न: नवीन टोस्टर घेतला. पहिले दोन ब्रेड मस्त होतात, लगेच दुसरे टाकले की करपतात. आकडा ३वरच असतो. सकाळी पाच जणांचं करायचं असतं, टोस्टर खराब आलाय का?
एक वाचक, दादर

उत्तर: खराब नाही. नव्या टोस्टरचा बोर्ड फक्त वेळ मोजतो, पहिल्या फेरीत तो वेळ गार टोस्टर तापवण्यातही जातो, दुसऱ्या फेरीला टोस्टर आधीच तापलेला असतो आणि वेळ तेवढाच. म्हणून दुसऱ्या फेरीला आकडा अर्ध्याने-एकाने खाली घ्या, पुढे तिथेच ठेवा. आकडा म्हणजे मिनिटं समजू नका, काही मॉडेलमध्ये जवळपास जुळतात, काहीत अजिबात नाही. ब्रेड कुठला तेही बघा, मिल्क ब्रेड किंवा गोडसर ब्रेडमध्ये साखर जास्त म्हणून तो लवकर लाल होतो, ब्राउन ब्रेडला थोडा वेळ जास्त. आणि पाच जणांचं करताय तर एक सांगतो, पावसाळ्यात ब्रेड फ्रिजमध्ये ठेवतो आपण सगळेच, बुरशीपासून वाचतो पण फ्रिजमध्ये तो उलट लवकर वातड होतो, टोस्ट करायचाच असेल तर स्लाइस सुट्या करून फ्रीजरमध्ये ठेवा आणि तशाच टोस्टरमध्ये टाका, आकडा एकाने वाढवून. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ होतात, आमच्याकडे जून ते सप्टेंबर हेच चालतं.

प्रश्न: बहीण न्यू जर्सीहून परत आली, तिच्याकडचा सुंदर चार स्लाइसचा टोस्टर मला दिलाय. नुसता पिन कन्व्हर्टर लावून चालेल ना?
एक वाचक, अंधेरी

उत्तर: नाही चालणार, कृपा करून लावू नका. पिन कन्व्हर्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. तो टोस्टर १२० व्होल्टचा आहे, आपल्याकडे २३० येतात, जवळजवळ दुप्पट, पण उष्णता दुप्पट नाही तर साधारण पावणेचार पट होते, कारण व्होल्टेज वाढलं की करंटही त्याच प्रमाणात वाढतो. १५०० वॅटचा टोस्टर साडेपाच हजार वॅट खेचायला बघेल, फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर कॉइल जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण एवढ्या वॅटचा ट्रान्सफॉर्मर धोंड्यासारखा जड असतो आणि त्याच्या किमतीत इथला चांगला टोस्टर येईल. बहिणीला वाईट वाटू नये म्हणून तरी लावून बघू असं करू नका, तिला खरं कारण सांगा.

प्रश्न: नवा टोस्टर पहिल्यांदा लावला तर धूर आला, घाबरून बंद केला.
एक वाचक, मुलुंड

उत्तर: कारखान्यातून येताना आतल्या भागांना तेलाचा हात असतो, तो जळतो. खिडकी उघडून, ब्रेड न घालता दोन-तीनदा रिकामा चालवा, मधे गार होऊ द्या. त्यानंतरही प्लास्टिक जळाल्याचा वास येत राहिला किंवा प्लग हाताला गरम लागला तर वापरू नका, बदलून आणा.

प्रश्न: आमच्याकडे दोन माणसं, जागा कमी, ओट्यावर टोस्टर ठेवायला जागाच नाही. सँडविचवाल्याकडे असतो तसा गॅसवरचा चिमट्याचा टोस्टर घेतला तर? आणि आम्ही ब्रेडपेक्षा पाव जास्त खातो.
एक वाचक, लालबाग

उत्तर: घ्या, तुमच्यासाठी तोच बरोबर आहे. पाव पॉप-अप टोस्टरला जमतच नाही, अर्धा केला तरी जाड राहतो, खाचेत अडकतो आणि चुरा खाली पडतो. पाव तव्यावरच, मधे कापून, अमूल बटर लावून, वरून उलथन्याने दाबून. चिमट्याचा टोस्टर सँडविचला. घेताना अ‍ॅल्युमिनियमचा जाड बघून घ्या, दोन्ही बाजू बंद केल्यावर कडा नीट जुळल्या पाहिजेत, दांडे लांब आणि दांड्याचे रिव्हेट हलणारे नकोत. नॉनस्टिकचा घेतलात तर रिकामा गॅसवर तापवत ठेवू नका, त्याचा थर खराब होतो आणि निघणारा धूर चांगला नाही. आच मंदच ठेवा आणि मिनिटा-मिनिटाला उलटा, मोठ्या आचेवर बाहेरून काळं होतं आणि आतला बटाटा गारच राहतो. बटर आतून चटणीखाली एकदा आणि बाहेरून एकदा, काकडी-टोमॅटोच्या चकत्या घालायच्या आधी फडक्यावर टिपून घ्या, नाहीतर ब्रेड ओला होऊन चिमट्याला चिकटतो. झालं की लगेच पाण्याखाली धरू नका, कागदाने पुसा आणि खिळ्याला टांगा, ओटा मोकळा.